चौसष्ट अक्षरांचा ठसा

१

आई नऊ तारखेला गेली. बारा तारखेला सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी तिने आपला प्रबंध विद्यापीठाकडे जमा केला.

हे मला वीस तारखेला कळलं, विद्यापीठाच्या पत्रातून. पत्र सभ्य होतं. विद्यार्थिनीच्या निधनाबद्दल खेद व्यक्त केलेला होता. मग लिहिलं होतं की तिच्या खात्यातून तिच्या मृत्यूनंतर प्रबंध सादर झाला आहे, ही तोतयेगिरी समजण्यास जागा आहे, आणि दहा दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही तर चारही सत्रांचे गुण रद्द करून नोंदणी काढून टाकण्यात येईल. सोबत सादर झालेल्या फाईलची प्रत जोडली होती.

या सगळ्याला कारण मीच. 'माझी आई वारली, कृपया तिची नोंदणी बंद करावी' असं मी पंधरा तारखेला कळवलं होतं. कळवलं नसतं तर कुणी तारखा पडताळल्या नसत्या.

आई हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये सत्तावीस वर्षं कारकून होती. लोकांच्या आजारांचे कागद तिच्या हातून गेले. पुढे ते कागद कॉम्प्युटरवर चढले आणि कोण बघतंय, कोण नाही, हे तिला दिसेनासं झालं. तेव्हा तिने पंचावन्नाव्या वर्षी माहिती सुरक्षा या विषयात दूरशिक्षणाने पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. "कुणाचा आजार कुणाला कळावा, हे आजाऱ्यानं ठरवायचं," एवढंच तिचं म्हणणं. दोन वर्षं ती कामावरून येऊन पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायची. टेबलाची अर्धी बाजू तिची, अर्धी बाबांच्या कापडांची.

अशी बाई मेल्यावर तोतया ठरणार होती. तेही याच विषयात.

मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करते. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना प्रश्न विचारणं हा माझा व्यवसाय आहे. पाणी कोण आणून देतं, कोण नजर चुकवतं, कोण नको तेवढं बोलतं, हे मी बघत असते. आता घर माझंच होतं.

खात्यात शिरायला पासवर्ड लागतो, आणि मग आईच्या फोनवर येणारा कोड. तिचा फोन उघडायचे चार आकडे तिने शेवटच्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवरून सांगितले होते, ऑफिसला कळवता यावं म्हणून. तेव्हा खाटेपाशी आम्ही तिघं होतो: बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ.

दहा तारखेला मीच तो फोन कपाटात साड्यांखाली ठेवला होता. तेव्हा त्यात जेमतेम वीस टक्के चार्ज होता.

एकवीस तारखेला मी कपाट उघडून बटण दाबलं. पडदा उजळला. एकसष्ट टक्के.

२

फोनवर बारा तारखेचे दोन संदेश होते. एक विद्यापीठाचा कोड, सहा वाजून एक मिनिटाचा. दुसरा मध्यरात्र उलटल्या उलटल्या आलेला, 'साक्षीदार' या नावाने जतन केलेल्या नंबरवरून: 'मॅडम, आज शेवटचा दिवस. जमा केलंत ना? की अजून इस्त्री चाललीय?'

दोन्ही उघडलेले होते.

मी लॅपटॉपही काढला. दहा तारखेला मी तो ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून पिशवीत घातला होता. आता बटणांवर निळसर पूड होती. बाकी ठिकाणी पुसट, आणि खोडायच्या बटणावर मात्र दाट. मी ती बोटाने पुसली आणि पुसल्यावर वाटलं, पुसायला नको होती.

भाऊ दुकानातून जेवायला आला होता. तो मोबाईल दुरुस्त करतो. घरात कॉम्प्युटर कळणारा तो एकटाच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"तू जमा केलंस?" मी सरळ विचारलं.

"ताई, घास तरी गिळू दे."

"गीळ आणि सांग."

"मी कशाला करू? मला माहीतही नव्हतं शेवटची तारीख कधी ती."

"लॅपटॉपला हात लावलास?"

तो ताटातच बघत राहिला. माझ्या धंद्यात याला उत्तर म्हणतात.

"दहा तारखेला," तो शेवटी म्हणाला. "तू पुसून ठेवायच्या आधी. आईचा एखादा फोटो हवा होता, मोठा करून लावायला. तीनदा पासवर्ड टाकून बघितला. तुझं नाव घातलं, माझं घातलं, मग आपल्या दोघांच्या जन्मतारखा." तो कसंनुसं हसला. "आपण दोघंही त्यात नव्हतो गं."

"म्हणजे कुणीतरी बाहेरच्यानं पासवर्ड चोरला."

बाबा टेबलापाशी उभे राहून कापडावर खुणा करत होते. गळ्यात टेप, नाकावर चष्मा. बाबा शिंपी. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून ते पुन्हा मशीनवर बसले होते. भेटायला आलेल्यांपैकी काहींना ते खटकलं, आत्या तर तोंडावर म्हणाली, "दादा, दगड आहेस." बाबा म्हणाले, "शाळेचे गणवेश आहेत. पोरं थांबत नाहीत."

आता मान वर न करता ते म्हणाले, "नुसता पासवर्ड चोरून भागत नाही. कोड लागतो फोनवरचा."

भाऊ म्हणाला, "बघ, बाबांनासुद्धा कळतं. जाहिरातींनी केवढी जागृती केलीय."

"बाबा, तुम्ही कुणाला घरात बघितलंत? फोनजवळ?"

"मला काय कळतं त्यातलं," बाबा म्हणाले आणि कात्री हातात घेतली. पण कापड कापलं नाही, तसंच धरून उभे राहिले.

मी त्यांना दुसरा प्रश्न विचारला नाही. अनोळखी घरात मी सगळ्यात गप्प माणसाला कधी सोडत नाही. इथे सोडलं.

मी साक्षीदाराला फोन लावला.

३

"मॅडम! अहो कुठे होता इतके दिवस? मला वाटलं, पदवी मिळायच्या आधीच ओळख विसरलात."

मी कोण ते सांगितलं. मग काय झालं ते सांगितलं. पलीकडे कुठेतरी पंप चालू असल्यासारखा आवाज येत होता. हे गृहस्थ दुसऱ्या गावी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. आईची आणि त्यांची दोन वर्षांची मैत्री, पण त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

"आमच्या वर्गाला भिंती नव्हत्या," ते म्हणाले. "त्यामुळे कोण उठून गेलं ते कळत नाही."

"काका, एक विचारू? तुम्ही तिला साक्षीदार कसले?"

"दोघंही एकमेकांचे. सांगतो. कुठल्याही फाईलचा कॉम्प्युटरवर ठसा काढता येतो. चौसष्ट अक्षरांचा. बोटाच्या ठशासारखा. फाईलमधलं एक अक्षर बदला, सगळा ठसा बदलतो. पण ठशावरून फाईल काही बनवता येत नाही. तर प्रकरण पूर्ण झालं की मॅडम मला फक्त ठसा पाठवायच्या आणि किती ओळी आहेत तो आकडा. मी तारीख घालून वहीत उतरवायचो. माझा ठसा त्यांच्याकडे. उद्या कुणी म्हटलं, हे तुमचं नाही, नंतर घुसडलं, तर दाखवायला बरं."

"आणि फाईल?"

"छे! फाईल दिली की कॉपी झाली. मी एकदा मागितली होती, दुसऱ्या प्रकरणात अडलो होतो तेव्हा. मला म्हणाल्या, तुम्हाला शिकवीन, दाखवणार नाही. तीन रविवार फोनवर शिकवलं हो. आणि बारा तारखेला मी तो इस्त्रीचा विनोद केला. तुमच्याकडे माणूस गेलेलं, आणि मी..."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तेच तर."

इस्त्रीचा अर्थ त्यांनी सांगितला. आई लिहून झालेली फाईल चार-पाच दिवस तशीच ठेवायची आणि मग ताज्या डोळ्यांनी एकदा वाचून जमा करायची. बाबांकडून घेतलेली सवय: शिवलेला कपडा घडी घालून ठेवायचा, इस्त्री गिऱ्हाईक यायच्या दिवशी. प्रबंध सात तारखेला पूर्ण झाला होता. त्या संध्याकाळीच तिने ठसा पाठवला होता. आठ तारखेला सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं.

मला एकदम हलकं वाटलं. बटण कुणीही दाबलेलं असो. विद्यापीठाने पाठवलेल्या प्रतीचा ठसा सात तारखेच्या ठशाशी जुळला, की शब्द न् शब्द तिचा आहे हे सिद्ध होत होतं. काकांनी वहीतलं पान फोटो काढून पाठवलं. भावाने दुकानात त्या प्रतीचा ठसा काढला आणि मला फोन केला.

"ताई, तू बसलीयस ना?"

"बोल."

"पहिलंच अक्षर वेगळं आहे. अख्खा ठसा वेगळा. आणि ओळी वहीत दोन हजार एकशे अठरा आहेत. यात दोन हजार एकशे तेरा."

आई गेल्यावर कुणीतरी तिच्या प्रबंधातून पाच ओळी काढल्या होत्या.

४

मी तो प्रबंध दोन दिवस वाचला. आईने तो साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिला होता, कुठे ठळक अक्षर नाही की चौकट नाही, एका वाक्याला एक ओळ, रेकॉर्ड रूमच्या नोंदवहीसारखा. बराचसा मला कळला नाही. पण कुठे काही तुटल्यासारखं वाटलं नाही. आकडे होते, तक्ते होते, निष्कर्ष होता. चोराने काय नेलं असेल?

शेवटी ऋणनिर्देशाचं पान होतं. तिने शिक्षकांचे आभार मानले होते. रेकॉर्ड रूममधल्या शिपायाचे, ज्याने तिला कुलपांबद्दल पहिला धडा दिला. 'मला कधीही न भेटलेल्या साक्षीदाराचे.' मुलाचे, 'ज्याने लॅपटॉप आणून दिला आणि माझी थट्टा केली.' मुलीचे, 'जिने थट्टा केली नाही, पण विचारलंही नाही.'

ते खरं होतं. दर रविवारी मी घरी जायचे आणि एकदाही विचारलं नाही, आई, तू नेमकं काय शिकतेस. मी ते पान बाजूला ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. स्वच्छ होती ती, तरी घासली.

मग परत येऊन पुन्हा वाचलं, आणि मला आईचा राग आला. पान तिथेच संपत होतं. शिपायाचे आभार होते. बाबांचे नव्हते.

राग येऊन मी बराच वेळ बसले होते. बाबा पलीकडे शर्टाच्या पाठीवर निळ्या खडूने रेघ ओढत होते. रेघ ओढून झाल्यावर त्यांनी सवयीने बोटं एकमेकांवर चोळली. निळी पूड टेबलावर पडली.

खोडायच्या बटणावरची पूड.

आता एकेक गोष्ट सरळ ओळीत उभी राहिली. फोन कुठे ठेवला होता हे घरातल्या माणसाला माहीत होतं. चार आकडे ऐकलेले आम्ही तिघं. मी तो फोन उघडला नव्हता. भावाला पासवर्ड माहीत नव्हता, त्याने तीनदा चुकवला होता, तेही मी लॅपटॉप पुसायच्या आधी. आणि 'कोड लागतो फोनवरचा' हे वाक्य जाहिरातीतलं नव्हतं. मला एक रविवार आठवला. मी पेपर वाचत होते आणि आई बाबांना समजावत होती, "जोखीम चार तऱ्हेनं हाताळता येते. टाळायची, कमी करायची, दुसऱ्यावर ढकलायची, नाहीतर स्वीकारायची." मशीन थांबलं होतं. बाबांनी विचारलं होतं, "स्वीकारायची कधी?" आई म्हणाली, "टाळण्यात जास्त नुकसान असेल तेव्हा." मी पान उलटलं होतं.

चोर काहीतरी घेऊन जातो. तोतया स्वतःचं काहीतरी घुसडतो. इथे आलेल्या माणसाने फक्त स्वतःला काढून घेतलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "त्या पाच ओळी काय होत्या?"

५

त्यांनी खडू खाली ठेवला.

"तुला कसं कळलं?"

"आईनं आभारात तुम्हाला सोडलं असतं होय?"

ते खुर्चीवर बसले. आईच्या खुर्चीवर. "अकरा तारखेच्या मध्यरात्री कपाटात फोन वाजला," ते म्हणाले. "चार्ज संपत आला की कुईकुई करतो ना, तसा. मी लावला चार्जिंगला. तेवढ्यात त्या साक्षीदाराचा निरोप आला, आज शेवटचा दिवस म्हणून. दोन वर्षं तिनं... आणि दिवस उलटून जाणार. मी लॅपटॉप उघडला."

"पासवर्ड?"

"तिनं सांगितला होता. अभ्यासाच्या पहिल्या वर्षीच."

"आई? पासवर्ड?"

"मीही तेच म्हटलं. म्हणाली, मला काही झालं तर कुणाला तरी दार उघडता यायला हवं." बाबा टेप गळ्यातून काढून गुंडाळायला लागले. "जमा करायच्या आधी एकदा वाचावं म्हटलं. ती वाचायची ना. पहाटे शेवटाला आलो तर हे. अगं, अख्खं तिसरं प्रकरण पासवर्ड कुणालाही सांगू नये यावर आहे. आणि शेवटी हिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, मी सांगितला. परीक्षक नापास नाही करणार? मला वाटलं, कच्चा टाका राहिलाय. शिवण झाली की तो उसवून टाकायचा असतो. म्हणून उसवला."

"मला का नाही सांगितलंत? पत्र आलं तेव्हा तरी?"

"सांगितलं असतं तर तू ते लिहिलं असतंस. तू खोटं लिहीत नाहीस. मग तिची पदवी माझ्यामुळे गेली असती."

"बाबा, खोडलं म्हणूनच ठसा जुळत नाहीये. ती फाईल जशीच्या तशी झाली, तरच तिची आहे असं सिद्ध होतं."

त्यांना ठसा म्हणजे काय ते समजवावं लागलं नाही. ते पांढरे पडले. "म्हणजे मीच," एवढंच म्हणाले.

"ओळी आठवतात तुम्हाला?"

"एकेक अक्षर मागून पुढे खोडलंय. आठवणार नाही?"

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि माझ्याकडे बघितलं. "तोंड फिरव."

"काय?"

"पासवर्ड टाकताना बघायचं नाही."

मी भिंतीकडे तोंड केलं. पाठीमागे एकेका बोटाने बटणं वाजत होती. बरीच वाजली. लांब पासवर्ड होता.

भावाला फोनवर घेतलं. ठसा कसा काढायचा ते त्याने सांगितलं, आणि मी फाईलच्या शेवटी जाऊन बसले. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगू लागले, सावकाश, कुठे स्वल्पविराम आहे तेही.

'तिसऱ्या प्रकरणातला पहिला नियम मी स्वतः मोडला आहे.

माझा पासवर्ड माझ्या नवऱ्याला माहीत आहे.

ही जोखीम मी मोजून स्वीकारली आणि एकतीस वर्षांच्या संसारात त्याच्यावर विसंबून एकदाही पस्तावले नाही.'

"झालं," बाबा म्हणाले.

मी ठसा काढला. काकांच्या वहीतल्या पानाशी लावून बघितला. "नाही जुळत."

"मग माझंच काहीतरी चुकलं."

"बाबा, या तीन ओळी झाल्या. खोडल्यात पाच."

ते उठले. मशीनपाशी जाऊन त्यांनी चाकावर हात ठेवला, फिरवलं नाही. फोनमधून भाऊ म्हणाला, "बाबा?" मी त्याला गप्प राहायला सांगितलं. धंद्यातली ही एक गोष्ट मला पक्की माहीत आहे: खरं बाहेर यायला लागलं की आपण मध्ये बोलायचं नाही.

"त्या माझ्याबद्दल आहेत," ते मशीनशी बोलल्यासारखे म्हणाले. "आणि परीक्षकालाही राग येईल अशा आहेत."

"येऊ दे."

मग त्यांनी सांगितल्या. पाठ माझ्याकडेच होती.

'हा प्रबंध मी परीक्षकांसाठी लिहिलेला नाही.

मशीन थांबवून जो माणूस ऐकत बसला, त्याच्यासाठी लिहिला आहे.'

मला टाईप करायला वेळ लागला. मग मी ठसा काढला आणि एक एक अक्षर मोठ्याने वाचत गेले. भाऊ पलीकडून वहीच्या पानावरचं अक्षर म्हणत होता. दहावं जुळलं. तिसावं. साठावं. चौसष्टावं अक्षर आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं, आणि मग फोनमध्ये तो रडायला लागला, दुकानात, गिऱ्हाईकांसमोर.

बाबांनी विचारलं, "सगळी?"

"सगळी, बाबा."

६

विद्यापीठाला मी जे लिहिलं ते माझ्या इतर अहवालांसारखंच होतं. सादर करण्याचं बटण विद्यार्थिनीच्या नवऱ्याने दाबलं. तिने स्वतः दिलेल्या पासवर्डने. सादर करण्यापूर्वी त्याने पाच ओळी वगळल्या. कारण सोबत जोडलं आहे. मूळ फाईल, तिचा ठसा आणि दुसऱ्या विद्यार्थ्याची सात तारखेची लेखी नोंद पाठवत आहे. काही लपवलं नाही. बाबांनी अहवाल वाचला आणि 'नवऱ्याने' या शब्दावर बोट ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

उत्तर सव्वा महिन्याने आलं. मूळ फाईल ग्राह्य धरली होती. पदवी मरणोत्तर दिली जाणार होती. परीक्षकाच्या शेऱ्यांचं पान सोबत होतं. बरेच शेरे कोरडे होते, आणि दोन ठिकाणी त्याने आईच्या आकडेमोडीतली चूक दाखवली होती. ऋणनिर्देशापुढे एकच शब्द होता: 'मान्य.'

साक्षीदार काकांना कळवलं. ते म्हणाले, वहीत तारीख घालून उतरवून ठेवतो.

त्या रविवारी मी घरी गेले तेव्हा बाबा मशीनवर होते. टेबलाची आईची बाजू अजून रिकामीच होती. त्यांनी तिथे कापड पसरलं नव्हतं. मी तिथे बसले आणि प्रबंध पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. सातव्या पानावर अडले. पासवर्ड साठवताना त्यात आधी थोडं मीठ मिसळावं, असं काहीतरी होतं.

"हे नाही कळलं," मी म्हटलं.

बाबांनी मशीन थांबवलं. खुर्ची माझ्याकडे वळवली, बाजूचे दोन कपडे उचलले, एकाच मापाचे, एकाच रंगाचे.

"हे बघ," ते म्हणाले. "दोन गिऱ्हाइकांचे शर्ट अगदी सारखे असले, तर एकाचा ओळखला की दुसऱ्याचाही ओळखता येतो. बरोबर? म्हणून शिवताना प्रत्येकाच्या आत एक वेगळा दोरा घालायचा. तिचं मीठ म्हणजे तो दोरा..."

मी ऐकत बसले.